थंडीनं काळी पडलेली मांजर

वहिनी, तुमची तेरवी परवा झाली. मांडव सोडला. उरलेली बुंदी पोरांनी परातीतून ओंजळी भरभरून नेली. माझ्या सासरची, केनवडची मंडळी उन्हं चढायच्या आत गाडी जुंपून निघून गेली. मी दुकानात येऊन बसलो आहे, बियाण्याच्या पोत्यांमध्ये, दार अर्धं लोटून. गिऱ्हाईक आलंच तर ते दार पाहून परत जाईल.

पंगत बसायच्या आधी लोक मला म्हणाले, तुम्ही धाकटे दीर, तुमच्या डोळ्यांसमोर त्यांचा जन्म गेला, चार शब्द तुम्हीच बोला. मी उभा राहिलो. म्हणालो, वहिनींनी मला मायेची कमी पडू दिली नाही. लोकांनी माना हलवल्या, दोघीतिघींनी पदरानं डोळे पुसले. त्यात खोटं काही नव्हतं. पण तुमच्याविषयी बोलण्यासारखं माझ्याजवळ एकच वाक्य होतं, आणि ते मी तेव्हाही गिळलं.

ती मांजर बिमार नव्हती, वहिनी. तिचं अंग काळं पडलं ते थंडीनं. हे मला त्याच वेळी ठाऊक होतं.

तुम्ही मात्र हेच उराशी धरून गेलात की तुमच्या मांजरीनं घरात पिलेग आणला आणि तुमची सासू, म्हणजे माझी माय, त्यात गेली. आधी माळीपुऱ्यातल्या लोकांनी तसं म्हटलं, मग घरानं मानलं, आणि सगळ्यांच्या शेवटी तुम्ही मानलं. एकदा मानल्यावर तुम्ही ते कोणापेक्षाही घट्ट धरलं.

पहिल्या जर्मन लढाईचे दिवस होते. आपलं घर माळीपुऱ्यात, मळा गावाबाहेर, विहिरीवर मोट. साहेबाच्या बंगल्यावर रोजची भाजी आपल्या मळ्यातून जायची आणि ती पोचवायचं काम माझ्याकडे होतं. बंगल्यातल्या मड्डमजवळ एक मांजर होती. तशी मांजर या मुलखात कोणी पाहिली नसेल. अंग दुधावरच्या सायीच्या रंगाचं, आणि तोंड, कान, चारी पंजे, शेपूट एवढंच काजळात बुडवून काढल्यासारखं. पाय लांब, तोंड निमुळतं, डोळे निळीच्या पाण्यासारखे आणि जरासे तिरळे. आपली मांजर माणसाला पाहून बाजूला सरते. ही समोर येऊन बसायची आणि काय पाहिजे ते विचारायची. खरंच विचारायची. तिचा आवाज मांजरीचा नव्हताच. पाळण्यातलं लेकरू भुकेजून रडावं तसा तो आवाज.

"ये सयाम मुलुक का बिल्ली," मड्डम सांगायची. "उधर राजा के घर में रहता." सयामहून रंगून, रंगूनहून जहाजानं कलकत्ता, आणि मग साहेबाच्या बदल्यांबरोबर हिंडत ती वाशीमला आली होती. शेपटीचं टोक मोडल्यासारखं वाकडं होतं. त्याचीही मड्डमजवळ गोष्ट होती. सयामच्या राजकन्या न्हायला उतरताना बोटातल्या अंगठ्या मांजरीच्या शेपटीत अडकवून ठेवत. त्या गळू नयेत म्हणून मांजरींनी टोकं वाकवून धरली, ती तशीच राहिली.

अकोल्याच्या कोण्या साहेबाजवळ त्याच जातीचा बोका होता. त्याच्यासाठी मांजरीला टांग्यात घालून अकोल्याला नेलं होतं. ही हकीकत मी घरी येऊन सांगितली तेव्हा तुम्ही वांगी तोडत होता. कंबर सरळ करून म्हणालात, "म्हंजे मांजरीची सोयरीकबी साहेब लोक जात पाहूनच करतेत? मंग आमाले कायले नावं ठेवतेत?"

पिल्लं झाली ती पांढरी शुभ्र. कानाच्या कडेलासुद्धा रंग नाही. पुढं साहेबाची बदली निघाली तेव्हा मड्डमनं एक पिल्लू माझ्या भाजीच्या टोपलीत ठेवलं, कारण उंदीर आमचं कांद्याचं बी खातात हे मी तिला सांगितलं होतं. टोपलीवर फडकं बांधताना ती म्हणाली, "अभी सफेद है. बाद में मुँह काला होगा, पाँव काला होगा. जितना ठंड, उतना काला. इसका माँ पहाड पे गया, पूरा भूरा हो गया. नीचे आया, फिर साफ. बीमार नहीं. समझा?"

मी म्हणालो, समझा.

घरी आल्यावर टोपली तुमच्यापुढं ठेवली. मड्डमचं ते बोलणं सांगायचं राहून गेलं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं.

"अवं माय! हे तं पिठात लोळून आलं," तुम्ही म्हणालात, आणि तिला उचलून गालाला लावलंत. अंगठ्यांची गोष्ट ऐकल्यावर तिच्या शेपटीचं टोक चाचपून म्हणालात, "माह्या घरी येऊन हिचं नुकसानच झालं, भाऊजी. इथं अंगठी कोनाजवळ हाये?" बंगल्यावरून आली म्हणून तिचं नाव तुम्ही मड्डमच ठेवलंत. "मड्डम, जेवाले या." "मड्डम, चुलीत तोंड घातलं का? हे नाकाले काय लागलं?" ते काही लागलेलं नव्हतं, तो तिचा रंग यायला लागला होता. तुम्ही ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. ती तुमच्याशी भांडली, तुम्ही तिच्याशी भांडलात. एक वाक्य तुमचं, एक तिचं. माय देवापुढून ओरडायची, "घरात दोन सुना झाल्या का माह्या? एकीचंच तोंड पुरे होतं मले!"

तिचा स्वभाव मी नीट पाहिला होता. ती घराची झाली नाही, एका माणसाची झाली. तुमची. तुम्ही मळ्यात निघालात की ती मागं, शेपूट उभी करून, कुत्र्यासारखी. तुम्ही रोपं लावत असलात की वाफ्याच्या बांधावर बसून राहायची. दादा तुमचा नवरा, पण त्यानं हात लावलेलाही तिला चालायचा नाही. शेजारचं लेकरू तुम्ही मांडीवर घेतलं की ती मध्ये येऊन बसायची आणि लेकराकडं असं पाहायची की त्याची आई त्याला उचलून न्यायची. तुम्ही माहेरी गेलात तेव्हा ती दारात बसून रडली आणि माय कानावर हात ठेवून म्हणाली, "इले चूप करा बापा. घरात लेकरू मेल्यावानी वाटून राह्यलं." आणखी एक गोष्ट होती. साध्या मांजरीचे डोळे दिव्यापुढं हिरवे चमकतात. हिचे लाल चमकायचे. तुम्ही हसायच्या. बाकी कोणी हसत नसे.

पण उंदीर गेले, हे खरं. त्या वर्षी कांद्याचं बी सगळंच्या सगळं वाफ्यात पडलं.

मग बाजारपेठेत उंदीर पडायला लागले. दुकानाच्या पायरीवर, मोरीत, जात्यापाशी. गोल गोल फिरून पडायचे. पुऱ्यात पडले तशी सगळ्यांनी घरं सोडली आणि आपल्या मळ्यात पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या काटक्यांचे कुड घालून झोपड्या उभारल्या. पौष महिना. उघड्या मळ्यातली थंडी. पहाटे मोटेच्या नाड्यावर दव गोठल्यासारखं बसायचं. माणसं अंगावरची घोंगडी दिवसासुद्धा काढत नसत.

आणि मड्डम काळी पडायला लागली.

आधी कानांचा रंग कपाळावर उतरला. मग पंजांचा रंग मांड्यांपर्यंत चढला. पाठ भुरकट झाली, मग धुरकट. हे एका दिवसात झालं नाही, पण झोपडीतल्या माणसांना दुसरं काही काम नव्हतं. ती गाठीसाठी एकमेकांच्या जांघा-बगला पाहायची, कोणाला ताप आहे का हे हात लावून पाहायची, आणि तुमच्या मांजरीकडं पाहायची. शेजारच्या झोपडीतली गोदामावशी तुम्हाला म्हणाली, "सूनबाई, मानसाचं आंग काळं पडते न मराच्या आंधी, तसं इचं पडून राह्यलं. अन् शेपटीत गाठ हाये ते येगळीच."

"ते जन्माची हाये, मावशी."

"जन्माची असो नाई तं कोनाची असो. आमाले लेकरंबाळं हायेत."

मी तिथंच होतो, वहिनी. मोटेचा सोलदोर बांधत होतो. बंगल्यावरच्या मड्डमचे शब्द मला जसेच्या तसे आठवले. जितना ठंड, उतना काला. माझे हात थांबलेसुद्धा. मग मी परत गाठ मारायला लागलो.

कारण सांगतो. ते लहान आहे, पण तेच खरं आहे. त्या आठवड्यात केनवडहून माझ्या सोयरिकीची माणसं येणार होती. आणि पुऱ्यातली जाणती माणसं तर विचारतच होती की ही मांजर घरात आणली कोणी. मी बोललो असतो तर पुढचा प्रश्न मलाच होता: तुले काय माहीत? आणि मग: म्हंजे तू आनली?

माणसं आलीच. पुऱ्यातली जाणती मंडळी आमच्या झोपडीपुढं बसली, केनवडहून आलेला मुलीकडचा म्हातारा त्यांच्यातच. थोरल्यांपैकी एकानं विचारलं, "हे मांजर कोनं आनली?" दादा जमिनीकडं पाहत होता. मी दादाकडं. तुम्ही झोपडीच्या दारात उभ्या होता, पदर कपाळापर्यंत. तुम्ही एकदा माझ्याकडं पाहिलंत. तेवढ्या पाहण्यात तुम्ही केनवडचा म्हातारा पाहिलात, माझं तोंड पाहिलंत, सगळं पाहिलंत.

"म्या मागतली," तुम्ही म्हणालात. "बियानं खात होते उंदीर, म्हून म्या भाऊजीच्या मांगं लागली."

एवढं तुम्ही माझ्यासाठी उचललंत. तुम्हाला वाटलं, एका मांजरीपुरती गोष्ट आहे. मलाही तसंच वाटलं.

मांजर मारायचं पाप कोणी घेणार नव्हतं. दूर नेऊन सोडायची ठरली आणि ते काम माझ्याकडं आलं. तुम्ही तिला भाकरीवर दूध घालून दिलंत. ती खात होती आणि मध्येच मान वर करून तुमच्याशी बोलत होती. तुम्ही उत्तर दिलं नाही. त्या आधी असं कधी झालं नव्हतं.

तुम्हाला मी येऊन सांगितलं की कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, एका गाडीवानानं हौसेनं ठेवून घेतली, सुखात राहील. तसं काही झालं नाही. मी तिला पोत्यात घालून केनवडच्या वाटेनं नेलं आणि नाल्यापलीकडं पोत्याचं तोंड उघडलं. दुसरी मांजर असती तर उडी मारून झुडपात गेली असती. ही बाहेर आली, अंग झटकलं, माझ्यासमोर बसली आणि बोलायला लागली. मी वळून चालायला लागलो तशी शेपूट उभी करून मागं यायला लागली. त्या जातीचा स्वभावच तो. मी ढेकूळ मारलं, ती थांबली, परत आली. परत मारलं. मग मी दगड घेतला.

दगड लागला, वहिनी. कुठं लागला ते मी पाहिलं नाही. मागून आवाज आला, त्या लेकरासारख्या आवाजातला, एकदाच. मी पळालो.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते माझ्या बाजूनं सांगायचं आहे. ती गेल्यावर कुडाच्या पऱ्हाट्यांत खडखड सुरू झाली. गावातले उंदीर माणसांच्या मागं दाण्यासाठी मळ्यात आले होते, किंवा मळ्यातलेच होते. एक ज्वारीच्या कणगीपाशी पडला. मग मायला ताप चढला. जांघेत गाठ आली. त्या झोपडीत तुमच्याशिवाय कोणी पाऊल टाकलं नाही. मी पोटचा लेक, मी दारातून पाणी सरकवायचो. तुम्ही तिला कुशीवर वळवलंत, तिची लुगडी धुतली, तिच्या तोंडाला तोंड लावून ती काय म्हणते ते ऐकलंत. आणि ती गेल्यावर अजून चिता विझली नव्हती तर गोदामावशी म्हणाली, "मांजरीनं जाता जाता घर धरलं."

मांजर राहिली असती तर माय वाचली असती, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. दवाखान्यातले डॉक्टर मागं एकदा दुकानात गवारीचं बी घ्यायला आले होते, त्यांना मी आडून विचारलं. ते म्हणाले, मांजर असली की उंदीर कमी, हे खरं. पण पिलेगचा उंदीर खाऊन मांजरीलाही तो लागू शकतो, तेव्हा सांगता येत नाही. म्हणजे तिथंही मला सुटका नाही आणि शिक्षाही नाही. मायचं मरण कोणाच्या माथी, हे मला माहीत नाही. पण तुमच्या माथी ते नव्हतं. हे माहीत असलेला पुऱ्यात मी एकटा होतो.

माझं लग्न झालं. ज्या लग्नासाठी तुम्ही ते बोललात, त्या लग्नाच्या हळदीला तुमचा हात लागू दिला नाही. जात्यापाशी सुवासिनी बसल्या, गाणी म्हणाल्या, आणि तुम्ही मागच्या अंगणात चुलवणापाशी लाकडं सारत होता. मी अंगाला हळद लावून घेतली. पुढं मळ्यात कांद्याचं पहिलं रोप तुमच्या हातून लावत नसत. मायच्या श्राद्धाला तुम्ही घर सारवायच्या, डाळ वाटायच्या, भाज्या निवडायच्या आणि मग उंबऱ्याबाहेर जाऊन बसायच्या. पान दुसरी कोणी वाढायची, कारण दादा त्या दिवशी तुमच्या हातचं घेत नसे. दादा वाईट माणूस नाही. त्यानं तुम्हाला कधी शब्दानं दुखवलं नाही. वर्षातून त्या एका दिवशी तो फक्त पान घेत नसे.

आपलं भांडण एकच, आणि ते दरवर्षी व्हायचं. मी हे दुकान टाकलं तेव्हापासून उंदरांनी पोती फोडायची आणि मी म्हणायचं, "वैनी, एक मांजर ठेवू."

"माह्या डोयासमोर नाई."

"साधी, गावठी. काळीबिळी नाई."

"दुकान तुमचं हाये भाऊजी, पन दार घराचं हाये. मांजर आली तं मी मळ्यात राह्यले जाईन. झोपडीत राह्याची सवय हाये मले."

तुम्ही हे हसून म्हणायच्या. मीही हसायचो. मग तुम्ही रिकाम्या पोत्यांना ठिगळं लावायला बसायच्या.

अशाच एका दुपारी, आपण भेंडीचं बी निवडत होतो. तुम्ही सुपातून मान वर केली नाही. म्हणालात, "भाऊजी, एक इचारू? तुमी तं तिले जवळून पायली होती. ते खरंच बिमार होती न?"

देवानं माणसाला यापेक्षा सोपी संधी देऊ नये. दुकानात कोणी नव्हतं. केनवडचा म्हातारा मरून गेला होता. माझी पोरं मोठी झाली होती. 'नाई' म्हटलं असतं तर माझं काही जाणार नव्हतं. फक्त एवढंच की मग ती धडधाकट मांजर मी दगड मारून हाकलली होती, आणि तिच्या मागून उंदीर आले होते, आणि माय माझी होती.

"होती," मी म्हणालो.

तुम्ही बराच वेळ सूप पाखडलं. मग म्हणालात, "बरं झालं. नाई तं मले कधी कधी वाटे, मुक्या जीवाले उगाच काढलं." आणि तुमचा चेहरा थोडा हलका झाला. तो हलका झालेला चेहरा मला सगळ्यात जड गेला. तुम्हाला माझ्या खोट्यानं समाधान दिलं, आणि त्याच खोट्यानं तुमच्या गळ्यात ते कायमचं बांधलं. तुम्ही उठून हात धुतले. मी पुढची पुडी बांधली.

मी कमी बोलतो असं लोक म्हणतात. शांत माणूस, म्हणतात. वहिनी, माझ्या पोटात एकच गोष्ट होती आणि ती बाहेर पडेल या भीतीनं मी बाकीच्याही बोलल्या नाहीत. बायकोला सांगितली नाही. ती गेली तीही माझ्या भलेपणावर विश्वास ठेवून.

तुम्ही खाटेवर पडलात तेव्हा मी रोज येऊन बसायचो. एके दिवशी तुम्ही डोळे उघडलेत आणि अगदी शुद्धीवर म्हणालात, "भाऊजी, तिकडं सासूबाई भेटतीन तं काय सांगू?"

मी म्हणालो, "काई सांगू नका. पानी घ्या."

तुम्ही पाणी घेतलंत. चमच्यातलं निम्मं गालावरून ओघळलं. ते मी पुसलं. आजही मला वाटतं की तुम्ही तोंड उघडं ठेवलं होतं ते पाण्यासाठी नव्हतं, पुढचं काही ऐकायला मिळतं का म्हणून.

काल दुपारी मी दादाला सांगितलं. तो ओसरीवर सुतळी वळत बसला होता. मी सगळं सांगितलं. मड्डम, थंडी, नाला, दगड, भेंडीचं बी. तो सुतळी वळत राहिला. शेवटी विचारलं, "तिले सांगतलं होतं?"

"नाई."

"कधीच?"

"तिनं इचारलं होतं. मी बिमार होती म्हनलो."

त्याचे हात थांबले. "मायच्या श्राद्धाले म्या तिच्या हातचं पान घेतलं नाई," तो म्हणाला. जणू मला ते ठाऊक नव्हतं. "ते भायेर बसून राहे. मी जेवून उठलो का मंग घरात ये. एक डावबी काहून म्हनली नाई." मग म्हणाला, "जा. ज्या बाया तिले बोलल्या त्याईले सांग. मले सांगून आता काय होते?"

आज सकाळी गोदामावशीच्या अंगणात गेलो. तिला आता दिसत नाही, पण पुऱ्यातल्या बायका तिच्याभोवती बसलेल्या असतात. कोणी गहू निवडत होतं, कोणी पोरीची वेणी घालत होतं. मी उभ्यानंच बोललो. सगळं बोललो. जन्मात एवढं सलग बोललो नव्हतो.

मावशीनं हात पुढं करून माझा हात शोधला. "पाय व बाई," ती इतर बायकांना म्हणाली, "दीर असावा तं असा. मेल्यावरबी वैनीवरचा डाग आपल्या आंगावर घेऊन राह्यला."

"मावशी, मी खरं सांगून राह्यलो."

"हो रे बापा. तुह्या मनाचं मोठेपन खरंच हाये. पन आमी ते मांजर आमच्या डोयानं काळी होतांनी पायली. थंडीनं कोनी काळं होते का? तुयी माय काय थंडीनं मेली?"

बायका हसल्या नाहीत, पण त्यांच्यात एक सैलपणा आला. एका नव्या सुनेनं हळूच विचारलं, "कोनती मांजर?" आणि गोदामावशीनं सांगायला सुरुवात केली, अगदी पहिल्यापासून. लेकराच्या आवाजात रडणारी, अंधारात लाल डोळ्यांची, आणि ती सोडायला तयार नसलेली सून. त्या गोष्टीत मी चांगला दीर आहे. मी तिथं उभा असतानाच ती गोष्ट त्या पोरीच्या कानात गेली. ती पोरगी आता वीस-तीस वर्षं ती सांगत राहील. मी आयुष्यभर गप्प राहून तुमचं जेवढं वाईट केलं, त्यात आज बोलून भर घातली, वहिनी. आता तुमच्या गोष्टीला माझ्या चांगुलपणाची साक्षही लागली आहे.

मी ते पुन्हा सांगणार आहे. कोणी मानो न मानो. पण म्हातारा माणूस एकच गोष्ट फिरून फिरून सांगायला लागला की लोक काय समजतात, हेही मला माहीत आहे.

एका माणसानं मात्र माझं सगळं खरं मानलं.

आत्ता माझी धाकटी सून आतल्या दारातून आली. रोज दुपारी ती दादाचं ताट पलीकडच्या घरी नेऊन देते, तुम्ही खाटेवर पडलात तेव्हापासून. ताट तिच्या हातात होतं, फडकं झाकलेलं.

"मोठ्या मामंजीनं ताट परत केलं," ती म्हणाली. "काल रातीबी केलं होतं, मले वाटलं भूक नसन. आता म्या इचारलं, काहून जेवत नाई, तं म्हनते, त्यालेच इचार."

ती अजून दारात उभी आहे, वहिनी, ताट घेऊन, माझ्या तोंडाकडं पाहत. या घरात ती तुमच्यानंतर आलेली सून. तुमच्याविषयी तिनं बाहेरून जे ऐकायचं ते ऐकलंच असेल. मी तिला बसायला पोतं सरकवतो आहे.